बंदराकडे तोंड केलेली भिंत

प्रिय लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ते तू नेहमीपेक्षा टपोऱ्या अक्षरांत लिहिले आहेस हे माझ्या लक्षात आले, आणि का लिहिलेस तेही आले. माझ्या गेल्या पत्रातल्या ओळी घाट चढल्यासारख्या वर वर गेल्या होत्या, अशी तुझी तक्रार आहे. या पत्रातल्या ओळी सरळ दिसतील. त्याचे कारण पुढे ओघात येईल.

तुझे म्हणणे मोजके आहे. मी घर बंद करून कायमचे तुमच्याकडे यावे, डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि घराचे पुढे काय करायचे ते जावईबापूंवर सोपवावे. ‘हो की नाही, एवढंच कळवा बाबा, प्रवचन नको,’ हे वाक्य तू अधोरेखित केले आहेस, आणि रेघ इतकी जोरात ओढली आहेस की ती मला बोटांनीसुद्धा वाचता आली. एका शब्दात उत्तर देणारा बाप तुला हवा होता, तर ती मागणी जन्माआधी करायला हवी होतीस. शिवाय जाता जाता तू आणखी एक वाक्य लिहून गेलीस: ‘तसंही त्या गावात आहे काय? एक धक्का, एक रस्ता आणि मासळीचा वास.’ त्या वाक्याला मी आधी उत्तर देणार आहे. मी यायचे की नाही, हा निर्णय त्या उत्तराच्या पोटातच आहे.

धक्का एकच आहे, हे खरे. पण तो दगडी आहे, आणि ज्यांनी ते दगड बसवले त्यांची पणतवंडे आज त्यावर टोपल्या आपटतात, तरी एक दगड हललेला नाही. धक्क्याला लागून दोरवाल्यांची गल्ली आहे. लांबलचक छपराखाली कमरेला काथ्याचा भारा बांधून माणसे उलटी चालत दोर वळतात. साऱ्या जगाची पोटे पुढे चालून भरतात, या गल्लीची मागे चालून भरतात. तिच्या टोकाला मिस्त्रींचा होड्या बांधायचा कारखाना. मिस्त्रींना होडी केव्हा होईल असे विचारले, तर त्यांचे उत्तर तुझ्या लहानपणी होते तेच आजही आहे: ‘सांगतो.’ होडी सांगितलेल्या माणसाचे लग्न होते, त्याला मूल होते, ते मूल कारखान्यातल्या लाकडाच्या भुश्शात खेळायला येते आणि मिस्त्री त्यालाही म्हणतात, सांगतो. परंतु एकदा पाण्यात उतरलेली त्यांची होडी दुरुस्तीसाठी परत आली, तर ती आणणारा बहुधा मूळ मालकाचा मुलगा असतो.

त्यापुढे बर्फाचा कारखाना. तो विजेवर चालू लागल्यापासून त्याच्या धुराड्यातून धूर निघालेला नाही. मालकाला ते पाडायचे होते. सारे बंदर त्याच्या दारात जाऊन उभे राहिले आणि त्याने विचार बदलला. निरुपयोगी धुराड्यासाठी गाव एवढे का अडून बसले, हे त्या बिचाऱ्या परक्या माणसाला कप्तानबाईने आपल्या फेरीबोटीत बसवून, खाडीच्या तोंडाशी नेऊन दाखवले. कप्तानबाई तुझ्याहून थोडीच मोठी, शाळेत वेणी ओढण्याबद्दल तुम्ही दोघींनी एकत्र शिक्षा भोगली आहे. बाप गेल्यावर फेरीबोट तिने हाती घेतली तेव्हा काही शहाण्यांनी नाके मुरडली. आज मोठ्या मचव्यांना आत आणायचे झाले, तरी तेच शहाणे तिला हाक मारतात.

तिच्या बोटीतून पलीकडे उतरलीस की मिठागरे लागतात. उन्हात ती इतकी चकाकतात की डोळे धड असलेल्यालाही तिथे माझ्यासारखेच दिसत असावे. मिठागरांच्या मागे चुन्याची भट्टी, आणि भट्टीच्या मागून डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांची शेते वर चढत जातात, बांध नुसत्या दगडांवर दगड रचून केलेले. समुद्र खवळलेला असतो तेव्हा बंदरावरची माणसे वर शेतांत कामाला जातात. शेते मोकळी झाली की वरची माणसे खाली जाळी ओढायला येतात. गावाच्या पुढे समुद्र आणि मागे जमीन असे पाहुणे म्हणतात. मला ती दोन्ही एकाच घराची पुढची आणि मागची ओसरी वाटत आली आहे. ओहोटीला किनाऱ्यावर उरलेले शिंपले बायका वेचतात, ते शिंपले भट्टीवर जातात, तिथे भाजून त्यांचा चुना होतो आणि तो चुना खाडी ओलांडून पुन्हा आपल्या टेकडीवर येतो. समुद्राने टाकून दिलेली वस्तू अग्नीतून शुद्ध होऊन पुन्हा समुद्राकडेच तोंड करून उभी राहते. एवढे सुबक यज्ञचक्र मला कुठल्या भाष्यातही सापडले नाही, आणि त्याचा शेवट आपल्या घराच्या भिंतीवर होतो, याचा मला गर्व आहे. गर्व त्याज्य आहे हे मी इतरांना सांगत असतो. हा एक मी स्वतःसाठी ठेवून घेतला आहे.

भिंतीचे तुला नव्याने काय सांगायचे? पण जावईबापूंना हे पत्र वाचून दाखवशील, म्हणून सांगतो. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली दोन्ही बाजूंना खडक आहेत आणि मधली वाट अरुंद आहे. वाट दिसत नाही. दिसतात त्या फक्त दोन खुणा. खाली बर्फाच्या कारखान्याचे धुराडे आणि त्याच्या मागे वर टेकडीवर आपल्या घराची बंदराकडची भिंत. बाहेरून येणाऱ्याने भिंत धुराड्याच्या बरोबर डोक्यावर धरायची आणि निर्धास्त आत यायचे. भिंत उजवीकडे सरकली तर उजवा खडक जवळ आला, डावीकडे सरकली तर डावा. सरकारने पाण्यावर दिवे बसवले आहेत, ते अंधारासाठी. दिवसाउजेडी आजही साऱ्यांची नजर आधी टेकडीवर जाते. म्हणूनच त्या भिंतीला खिडकी नाही, म्हणूनच तिच्यापुढे आपण झाड वाढू दिले नाही, आणि म्हणूनच समुद्र निवळून होड्या बाहेर पडायच्या आधी दरवर्षी तिला नवा चुना लागतो. हे काम माझ्या वडिलांनी केले, त्यांच्यामागे मी केले. बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहिण्याची माझी नोकरी संपली; ही संपली नाही.

चुना विरवायचा मी, डिंक घालायचा मी आणि त्यात चिमूटभर नीळ टाकायची तुझ्या आईने, म्हणजे पांढऱ्याला धार येते. तू हौदाच्या काठावर बसून दोघांना सूचना करायचीस. एका वर्षी तू हट्ट धरलास की भिंत पांढरी नको, पिवळी करा, सूर्यासारखी. रोज रोज पांढरी भिंत बघून सूर्याला कंटाळा येत असेल. मी तुला पांढऱ्या रंगावर आणि सत्त्वगुणावर बरेच काही ऐकवले. तू सगळे ऐकून घेतलेस आणि म्हणालीस, ‘पण पिवळी छान दिसेल.’ तुझी आई पदराआड हसली होती. ती गेल्यावर निळीचा डबा माझ्याकडे आला. सामानाच्या खोलीत, दाराच्या डाव्या हाताला, खालच्या फळीवर. तो मला डोळे मिटून सापडतो, असे मी लोकांना सांगत असे. आता ते अक्षरशः खरे आहे.

कारण डोळ्यांचे तुला वाटते ते खरे आहे, बाळ. मागच्या दोन्ही खेपांना फोनवर मी ‘उत्तम आहेत’ म्हणालो, ते उत्तम नाहीत. साऱ्या जगावर कोणीतरी जुने, चहाच्या रंगाचे मलमल टाकल्यासारखे झाले आहे. माणूस दिसतो, मुद्रा दिसत नाही. समुद्र ऐकू येतो. संध्याकाळी ओसरीवर जाळी विणणारे येऊन बसतात तेव्हा मी पोथी उघडून वाचतो, पण वाचतो ते स्मरणातले. पाने अंदाजाने उलटतो. ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही अशी माझी समजूत होती.

यंदा चुना मीच विरवला. डबा जागेवर होता. चिमूट टाकली, ढवळले, वाकून पाहिले; निळी झाक दिसेना. वाटले, नीळ जुनी झाली. आणखी टाकली. तरी दिसेना. मग मूठभर, मग आणखी मूठभर, आणि शेवटी डबाच पालथा केला. भिंत उंच, त्यामुळे हल्ली शिडीवर रंगारी चढतो. ज्याला सारे गाव रेडिओ म्हणते तोच; शिडीवर असो की जेवायला बसलेला असो, त्याचे प्रक्षेपण थांबत नाही. त्या दिवशी तो आला, हौदाशी उभा राहिला आणि गप्प झाला. पुष्कळ वेळाने म्हणाला, ‘शास्त्रीबाबा, डिंक घातलात ना?’ मी म्हणालो, घातला. ‘मग झालं तर,’ म्हणाला आणि शिडी चढला. मी खाली उभा राहून त्याला सांगत होतो, बघ, कशी शुभ्र होतेय. तो वरून म्हणाला, ‘हो ना, अगदी.’ यापलीकडे दिवसभर त्याच्या तोंडून शब्द नाही. मी सुनेला, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारायला निघालो होतो की घरी काही कुरबुर झाली की काय. तिला मी सून म्हणतो, कारण त्या दोघांचे लग्न मीच लावून दिले आहे.

दुसऱ्या दिवशी खाली धक्क्यावर गेलो, तर गाव बदललेले. जो भेटेल तो भिंतीची स्तुती करू लागला. मासळीवाल्या बायका, ज्यांनी आजवर कोणाला फुकट चांगले म्हटलेले नाही, त्यांनी हाका मारमारून सांगितले, ‘शास्त्रीबाबा, यंदा काय पांढरी झालीय हो भिंत, डोळे दिपतात.’ बर्फाच्या कारखान्याचा पहारेकरी म्हणाला, दूध झक मारेल. मला बरे वाटले, हे लपवत नाही. फेरीबोटीत कप्तानबाई एका नव्या माणसाला वाट शिकवत होती. ‘ती पि...’ एवढे म्हणून तिला खोकला आला, आणि खोकला संपल्यावर म्हणाली, ‘ती शास्त्रीबाबांची भिंत दिसते ना, ती धुराड्यावर धरायची.’ नवा माणूस म्हणाला, ‘ती पिवळी?’ त्याच्या पायावर काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. मी समजलो, नवा आहे, भलतीच भिंत बघत असेल, आणि वल्हे निसटले असेल. त्याच सुमारास मिस्त्रींनी एक वस्तू आणून दिली. पातळ लाकडाची चौकट, तिला एका ओळीपुरती खाच. कागदावर ठेवायची आणि खाचेत लिहीत जायचे, म्हणजे ओळ हलत नाही. मी विचारले, हे कशाला? म्हणाले, ‘लाकूड उरलं होतं.’ हे पत्र मी त्या चौकटीतून लिहीत आहे. होडी मागणाऱ्याला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणाऱ्या माणसाने ही वस्तू न मागता आणून दिली, याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

कळला तो तुझ्यामुळे. तू पाठवलेले पार्सल घेऊन नवी टपालवाली आली. ती या गावची नव्हे, नुकतीच बदलून आली आहे. फाटकातूनच म्हणाली, ‘पिवळ्या भिंतीवाले आजोबा तुम्हीच का? सापडलात बाई एकदाचे. खाली विचारलं तर म्हणाले, मान वर कर आणि पिवळं दिसेल तिकडे चालायला लाग.’ मी म्हणालो, घर चुकला असाल. ती म्हणाली, ‘नाही हो, एवढी पिवळी भिंत अख्ख्या टेकडीवर एकच तर आहे. लांबून काय झकास दिसते.’ मी म्हणालो, ‘होय, दिसते खरी.’ सही कुठे करायची ते तिनेच बोट धरून दाखवले.

ती गेल्यावर मी भिंतीशी गेलो. तिच्यावरून तळवा फिरवला आणि तो पांढऱ्या पंच्यावर दाबला. मग पंचा उन्हात धरला आणि डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. नुसता पांढरा रंग मला आता पांढरा दिसत नाही. पण पांढऱ्याशेजारी दुसरे काही ठेवले तर ते वेगळे आहे एवढे दिसते. पंच्यावर माझा हात उमटला होता.

तिथेच पायरीवर बसलो. पहिल्यांदा आला तो राग. आयुष्यभर ज्याने या लोकांना सत्याची थोरवी सांगितली, त्याच्याशीच साऱ्या गावाने मिळून खोटे बोलावे? मग लाज वाटली, आणि लाजेमागून शंका: ज्यांनी पिवळी भिंत पांढरी म्हणून गोड मानून घेतली, त्यांनी आणखी काय काय मानून घेतले असेल? ओसरीवर मी किती संध्याकाळी पोथी उलटी धरून बसलो असेन, आणि ती सारी मंडळी जाळी विणत, हुंकार भरत, मुकाट ऐकत असतील? या विचाराने मला एकाएकी हसू फुटले. एकटा बसून मी इतका हसलो की कोपऱ्यावरच्या मांजराने जागा बदलली. असत्याचे समर्थन करणारे एखादे वचन आठवावे म्हणून पाठांतर धुंडाळले, सापडले नाही. परंतु दानाविषयी जे वाचले आहे त्यात गुप्तदान सर्वांत वर ठेवले आहे, आणि तेव्हा लक्षात आले की देणाऱ्याच्या धर्मावर एवढे लिहिणाऱ्या शास्त्रकारांनी घेणाऱ्याच्या धर्मावर फारच थोडे लिहिले आहे. कोणी लपवून दिले असेल, तर ते मला कळले असे म्हणून त्याच्या हातातला आनंद काढून घेऊ नये, हाच तो धर्म असावा. म्हणून मी गप्प राहिलो. भिंत कशी काय टिकलीय, असे मी विचारतो, आणि लोक म्हणतात, दुधासारखी.

आता खरी अडचण सांगतो. तुझे पत्र आले हे गावाला कळायला वेळ लागला नाही, आणि साऱ्यांनी माझ्यामागे लकडा लावला: जा, डोळे करून या. मिस्त्रींच्या बायकोने माझे कपडे बांधायलाही घेतले. एवढी घाई का, ते मला परवा दुपारी समजले. जेवून आतल्या खोलीत पडलो होतो. मी झोपलो आहे असे समजून तिघे भिंतीपाशी आले. रेडिओ, मिस्त्री आणि कप्तानबाई. आवाजांवरून ओळखले. भिंतीला काहीतरी घासत होते, रेडिओ माप घेत असावा. ‘हात लावू नकोस तिला, सांगून ठेवते,’ कप्तानबाई म्हणाली. ‘बाई, हळू बोल. झोपलेत,’ रेडिओ कुजबुजला. ‘झोपू देत. तू वर बघ जरा. शहरातनं आलेल्यांनी टेकडीवर बंगले बांधलेत, एकूणएक पांढरे. धुरकट हवेत यातली बाबांची भिंत कुठली आणि त्या टकल्या साहेबाची कुठली, कसं ओळखायचं? गेल्या साली मीच साहेबाची धरून निघाले होते, खडकावर फेस दिसला म्हणून वाचले. यंदा मान वर केली की पिवळं. विषय संपला.’ मिस्त्री म्हणाले, ‘ते सगळं खरं गं. पण डोळे उघडून परत येतील आणि बघतील तेव्हा? शब्दानं बोलायचे नाहीत. आतल्या आत मोडतील.’ रेडिओ म्हणाला, ‘निळीच्या जागी पिवळ्या भुकटीचा डबा चुकून मीच ठेवला होता. होड्यांच्या पट्ट्यांचा उरलेला. त्यांचा काय दोष? ते गाडीत बसले की मी पांढरी करणार. तीन हात देणार.’ ‘मग सरळ सांगून टाक की त्यांना,’ कप्तानबाई म्हणाली. ‘तू सांग.’ ‘मी कशाला? मिस्त्री सांगतील.’ मिस्त्रींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘सांगतो.’ त्यावर कप्तानबाईला हसू आले आणि लगेच रडूही आले असावे. ‘करा पांढरी,’ म्हणाली, ‘पण कुणाची होडी खडकावर बसली तर माझ्याकडे धावत येऊ नका.’ मग पावले उतरून गेली.

मी छताकडे बघत पडून राहिलो. माझे मन दुखू नये म्हणून हे गाव आपली वाट पुसायला निघाले आहे. भिंत पिवळीच राहिली पाहिजे. माझ्या वडिलांनी ती पांढरी केली, कारण तेव्हा टेकडीवर दुसरे घर नव्हते; काम रंगाचे नव्हते, दिसण्याचे होते. माझ्या आंधळ्या हातून जे घडले ते आपोआप योग्य घडले, यात माझे कर्तृत्व काही नाही, आणि म्हणूनच त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण हे मी त्यांना सांगू कसा? सांगितले तर रेडिओ जन्मभर माझ्याकडे मान वर करून पाहणार नाही, आणि ज्या ज्या तोंडांनी मला प्रेमाने पांढरी म्हटले ती सारी तोंडे एकाच वेळी खाली जातील. फोनवरही मला बोलता येईना. फोन ओसरीवर आहे आणि ओसरी साऱ्या गावाची आहे. म्हणून हे पत्र. तू विचारलेस, त्या गावात आहे काय. हे आहे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर: हो, येतो. शस्त्रक्रिया करून घेतो, डॉक्टर सांगतील तितके दिवस राहतो, नातवंडांना कंटाळा येईपर्यंत गोष्टी सांगतो; पण परत येतो. कायमचे राहायला नाही, आणि घरही विकायचे नाही. परतल्यावर मला या गावातली एकूणएक मुद्रा नीट पाहायची आहे. आणि आता ज्यासाठी हे सारे लिहिले ते. हे पत्र वाचल्यावर लगेच, मी निघण्याआधी, कप्तानबाईच्या पत्त्यावर एक पत्र टाक. त्यात लिही की बाबा इकडे असतील तेवढ्यात भिंत पिवळी करून घ्या, सूर्यासारखी. लहानपणी मी हट्ट धरला होता, तेव्हा त्यांनी ऐकले नाही, आता त्यांच्या पाठीमागे माझा तो हट्ट पुरवा आणि त्यांना मात्र आधी कळू देऊ नका. मी तुला खोटे बोलायला सांगत नाही. हट्ट तू धरला होतास, हौदाच्या काठावर बसून. यातले एक अक्षरही खोटे नसेल. कप्तानबाई ते पत्र धक्क्यावर मोठ्याने वाचेल आणि रेडिओ पुन्हा सुरू होईल. परत आल्यावर मी भिंत पाहीन आणि तुझ्यावर रागावेन, सर्वांसमक्ष, फोनवरून, पांढऱ्या रंगाची थोरवी सांगत. तेवढे असत्य माझ्या माथी असू दे. तू फक्त लहानपणी म्हणालीस तेच पुन्हा म्हण, आणि जरा मोठ्याने म्हण, म्हणजे ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल.

ओसरीवरून, चौकटीच्या खाचेतून,

तुझाच,
बाबा